मराएवरचे न्यायालय

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर गिझबर्न हे बंदराचे शहर आहे. तिथल्या काइती टेकडीच्या पायथ्याशी ‘ते पोहो-ओ-राविरी’ हे मराए, म्हणजे माओरी लोकांचे सामुदायिक आवार आहे. २००८ पासून या आवारात न्यायालय भरते. गुन्ह्यात सापडलेली किशोरवयीन मुले, त्यांचे आईबाप, आजी-आजोबा, पोलीस, वकील आणि न्यायाधीश असे सगळे इथे येतात. या न्यायालयाचे नाव रांगाताही न्यायालय. रांगाताही हे मुळात मासे धरायच्या जाळ्याचे नाव. जुने जाळे फाटले की नवे जाळे पाण्यात उतरते, अशा आशयाची एक माओरी म्हण आहे. तिच्यामुळे हा शब्द तरुण पिढीसाठी रुळला.

न्यायाधीश हेमी टाउमाउनू यांनी हा उपक्रम सुरू केला. ते स्वतः याच किनाऱ्यावरच्या नाती पोरो जमातीचे. जागेची निवडही बोलकी आहे. १७६९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅप्टन कुकची माणसे ज्या किनाऱ्यावर उतरली आणि पहिल्याच भेटीत ज्यांच्या गोळीने एक माओरी पुरुष मेला, तो किनारा याच टेकडीच्या पायथ्याशी आहे.

न्यायालय मराएवर न्यावेसे का वाटले, याची कारणे विसाव्या शतकात आहेत. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा चार माओरींपैकी जेमतेम एक जण शहरात राहत होता. पुढच्या चाळीस वर्षांत चित्र पार उलटले. ऑकलंड-वेलिंग्टनच्या कारखान्यांत आणि गोद्यांत काम होते, गावी जमीन उरली नव्हती. शहरात वाढलेल्या मुलांना भाषा येईना, कारण त्यांच्या आजी-आजोबांनी शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या आणि मुलांवर ती वेळ नको म्हणून घरात इंग्रजीच ठेवली होती. आज माओरी लोकसंख्येत सुमारे १७-१८ टक्के आहेत. तुरुंगांत मात्र निम्म्याहून अधिक.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन अहवाल आले. माओरी आणि फौजदारी न्याय या विषयावरच्या अहवालात विधिज्ञ मोआना जॅक्सन यांनी माओरींची स्वतःची न्यायव्यवस्था असावी अशी थेट मागणी केली. ती सरकारने मान्य केली नाही. दुसरा अहवाल जॉन रांगिहाउ यांच्या समितीचा. समाजकल्याण खाते मुलांना त्यांच्या कुळापासून तोडते, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हा अहवाल वाया गेला नाही. १९८९ च्या बालक व किशोर कायद्यात त्याची छाप दिसते. मुलाने आरोप नाकारला नाही, की त्याचे कुटुंब, पोलीस, वकील आणि इच्छा असल्यास ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती, अशी सर्वांची बैठक घ्यायची, हे या कायद्याने बंधनकारक केले. मुलाने काय करायचे ते त्या बैठकीत ठरते: माफीचे पत्र, नुकसानभरपाई, ठरावीक तासांचे समाजकाम, शाळेत किंवा एखाद्या प्रशिक्षणात परत जाणे. न्यायाधीश या योजनेला मंजुरी देतात आणि ती पाळली जाते का ते तारखांवर तारखा देऊन पाहतात.

रांगाताही न्यायालयाचे काम या शेवटच्या टप्प्यावर सुरू होते. पहिली हजेरी नेहमीच्या युवा न्यायालयातच होते. आरोप खरा की खोटा याचा निवाडाही तिथलाच. कौटुंबिक बैठकीत योजना ठरली आणि पुढच्या तारखा मराएवर व्हाव्यात अशी मुलाची तयारी असली, तर प्रकरण इकडे येते. कायदा तोच, न्यायाधीशाचे अधिकार तेच. मूल माओरीच असले पाहिजे अशी अटही नाही. बदलते ती जागा, बोलण्याचा क्रम आणि बोलणारी माणसे. एवढ्याशा बदलाने काय होणार, असे कागदावर वाचताना वाटते. तिथला एक दिवस कसा जातो ते पाहिले की तसे वाटत नाही.

दिवस सुरू होतो तो स्वागतविधीने, पोफिरीने. आलेली मंडळी दाराशी थांबतात. आतून एका वृद्ध बाईची लांब हाक येते, तिला कारांगा म्हणतात. ती आल्याशिवाय पाऊल आत टाकायचे नसते. मग दोन्ही बाजूंची भाषणे, प्रत्येक भाषणामागून गाणे, आणि शेवटी सगळ्यांनी रांगेने एकमेकांच्या नाकाला नाक टेकवायचे. यालाच होंगी म्हणतात. खटला दाखल करणारा पोलीस आणि ज्याच्यावर तो दाखल झाला तो मुलगा, हे दोघेही त्या रांगेत असतात. त्यानंतर चहा-फराळ. हा निव्वळ पाहुणचार नव्हे. विधीमुळे आलेले सोवळे खाण्याने उतरते आणि माणसे रोजच्या व्यवहाराला मोकळी होतात, अशी त्यामागची समजूत आहे.

सुनावणी सभागृहात होते. पादत्राणे ओसरीवर काढावी लागतात. माओरी सभागृह हे पूर्वजाचे शरीर मानले जाते: आढे हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या दोन उतरत्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. ‘ते पोहो-ओ-राविरी’चा अर्थच मुळी ‘राविरीचा ऊर’ असा आहे. सध्याची वास्तू १९३० च्या सुमाराची असून देशातल्या मोठ्या सभागृहांत तिची गणना होते. भिंतींवर कोरीव खांब आहेत, प्रत्येक खांब एकेका पूर्वजाचा. इथे उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. न्यायाधीशाच्या शेजारी जमातीतले ज्येष्ठ बसतात; पुरुष असल्यास त्यांना कौमातुआ म्हणतात, स्त्रिया असल्यास कुइया.

नाव पुकारले की मुलगा उभा राहतो आणि पेपेहा म्हणतो. पेपेहा म्हणजे आपली ओळख सांगण्याची ठरलेली रीत. तीत स्वतःचे नाव शेवटी येते. आधी डोंगर, मग नदी, पूर्वज ज्या होडीतून या बेटांवर आले ती होडी, मग जमात, कूळ, मराए. या किनाऱ्यावरचा मुलगा बहुधा हिकुरांगी डोंगर आणि वाइआपू नदी सांगतो. पण पहिल्या तारखेला बऱ्याच मुलांना यातले काहीच ठाऊक नसते. कागदावर लिहून आणलेले ते अडखळत वाचतात, नजर जमिनीकडे. घरी कुणाला विचारावे तर आईलाही माहीत नसते. मग शोधाशोध होते, एखादी लांबची आत्या सापडते, कधी स्वतः न्यायालयातले ज्येष्ठच धागा जुळवून देतात. आपल्याकडे खेड्यात म्हातारी माणसे अनोळखी पोराला ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतात आणि उत्तर मिळताच त्याच्या पणजोबापर्यंत जाऊन पोहोचतात. इथेही तेच घडते, आणि ते न्यायालयाच्या कामकाजाचा भाग म्हणून घडते. नाते लागले की ज्येष्ठ रागावूही शकतात. परक्या न्यायाधीशाने ऐकवलेले आणि स्वतःच्या आजोबांच्या चुलतभावाने ऐकवलेले यांत फरक असतो, हे वेगळे सांगायला नको.

मग हिशेब सुरू होतो. समाजकामाचे किती तास झाले, माफीचे पत्र पोहोचले का, शाळेत हजेरी किती. योजना मोडली असेल तर बोलणीही निमूटपणे ऐकून घ्यावी लागतात, आणि फारच बिनसले तर प्रकरण परत नेहमीच्या न्यायालयात जाऊ शकते. मुलाचा वकील असतोच, शिवाय १९८९ च्या कायद्यातली आणखी एक व्यक्ती इथे फार उपयोगी पडते. तिला ‘ले अॅडव्होकेट’ म्हणतात. तिला कायद्याची पदवी लागत नाही. कुटुंबाची स्थिती आणि संस्कृतीच्या बाजू न्यायालयापुढे मांडणे हे तिचे काम. आई दोन पाळ्यांत कामाला जाते म्हणून मुलगा धाकट्या भावंडांना सांभाळतो आणि म्हणून समाजकामाला उशिरा येतो, ही गोष्ट अशाच व्यक्तीमुळे न्यायाधीशापर्यंत पोहोचते. दोन-तीन आठवड्यांनी पुढची तारीख. तोवर पेपेहा पाठ करायचा. शेवटच्या तारखेला कागद हातात नसतो. योजना पुरी झाली असेल तर आरोप जणू दाखलच झाला नव्हता अशा रीतीने प्रकरण काढून टाकण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे.

गिझबर्ननंतर दीड दशकात देशभर डझनाहून अधिक मराएंवर अशी न्यायालये उभी राहिली. ऑकलंडमध्ये सामोआ, टोंगा अशा बेटांवरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी पासिफिका न्यायालये निघाली. ज्येष्ठ मिळणे ही सर्वत्रच अडचणीची बाब आहे. भाषा आणि वंशावळी मुखोद्गत असलेली पिढी थकली आहे, आणि अंत्यविधीपासून शाळेच्या समारंभापर्यंत सगळीकडे बोलावणे त्याच चार जणांना जाते.

टीका आहे, आणि ती माओरी अभ्यासकांकडूनच अधिक धारदार येते. कायदा संसदेचा, न्यायाधीश सरकारचा, मुलाला पकडायचे की समज देऊन सोडायचे हे ठरवणारे पोलीस; मग मराएचा उरतो तो फक्त मांडव, असा आक्षेप आहे. जॅक्सन यांच्या १९८८ च्या मागणीशी ताडून पाहिले तर तो खोडता येत नाही. शिवाय मूल मराएवर पोहोचते तेव्हा अटक, कोठडी, पहिली हजेरी हे सारे होऊन गेलेले असते.

प्रौढांसाठी असे काही करण्याचे प्रयत्न तुरळक होते. काइकोहे गावात २०१० मध्ये मातारिकी न्यायालय सुरू झाले. तिथे शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीचे कुटुंब आणि जमात यांचे म्हणणे ऐकले जाते. त्याला आधार २००२ च्या शिक्षाविषयक कायद्यातल्या २७ व्या कलमाचा. आरोपीची पार्श्वभूमी सांगायला त्याच्या वतीने कुणालाही उभे करता येते, असे हे कलम म्हणते. टाउमाउनू २०१९ मध्ये जिल्हा न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘ते आओ मारामा’ ही योजना जाहीर केली. या शब्दांचा अर्थ उजेडाचे जग. मराएवर शिकलेले धडे सर्व जिल्हा न्यायालयांत आणायचे, समोरच्या माणसाला कळेल अशा सोप्या भाषेत बोलायचे, स्थानिक जमातींना सोबत घ्यायचे, असा तिचा आराखडा. सुरुवात हॅमिल्टनपासून झाली.

२७ व्या कलमाखाली लेखी अहवाल सादर करण्याची पद्धतही मधल्या काळात वाढली होती. हे अहवाल लिहिणारी माणसे आरोपीच्या घरी जात, आजीशी बोलत, कुटुंब गावातून कधी आणि का उठले ते नोंदवत. त्याचा खर्च सरकारी कायदेसाहाय्यातून होई. २०२४ मध्ये सरकारने तो निधी बंद केला. आता लेखी अहवाल हवा असेल तर पैसे ज्याचे त्याने उभे करायचे. तोंडी सांगण्याची मुभा कलमात अजून आहे. न्यायालयात येऊन उभे राहणारे कुणी हवे.