पदरमोडीचा प्रवास

नोकरीत होतो तेव्हा दौऱ्याचं अप्रूप वाटायचं. निघण्यापूर्वी कॅशिअरकडून आगाऊ रक्कम उचलायची, परतल्यावर टी.ए. बिल भरायचं. प्रवास कंपनीचा, पैसाही कंपनीचा. नोकरी सोडून सल्लागार झालो आणि पहिल्याच महिन्यात कळलं, आता कंपनीही आपण आणि कॅशिअरही आपणच!

पुण्यात राहून मराठवाड्यातल्या एका कारखान्याचं काम घेतलं. फी ठरली २० हजार. प्रवासाचं विचारलं, तर मालक म्हणाले, "ते बघून घेऊ हो, साहेब." हे 'बघून घेऊ' किती महागात पडतं, ते अनुभवाशिवाय कळत नाही. टॅक्सी, लॉज, जेवण मिळून सहा हजार पदरचे गेले. सगळं मिळून २६ हजारांचं बिल पाठवलं. टॅक्सीच्या पावतीवर सही नाही म्हणून ते एकदा परत आलं. पैसे आले तीन महिन्यांनी, २३ हजार ४००. दहा टक्के टीडीएस पूर्ण बिलावर कापला होता. ज्या सहा हजारांत माझी दमडीची कमाई नव्हती, त्यातूनही सहाशे गेले.

लेखा विभागाशी भांडायला गेलो, तर चूक माझीच निघाली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं १९९५ च्या ७१५ क्रमांकाच्या परिपत्रकातच सांगून ठेवलं आहे, की टीडीएससाठी बिलातून खर्चाची भरपाई वजा करता येत नाही. मात्र फी आणि खर्च यांची बिलं वेगळी असतील आणि सोबत मूळ पावत्या असतील, तर खर्चावर कपात नको, असे निर्णय पुढे न्यायाधिकरणांनी दिले. एका कागदाऐवजी दोन कागद, एवढाच फरक!

कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो, हे खरं. पण आमच्यासारख्या अनेकांनी निम्मी जमा नफा धरून कर भरण्याची सोपी पद्धत पत्करलेली असते. जमेत प्रवासखर्च मिसळला, की गाडीभाड्याचा निम्मा भागही 'नफा' ठरू शकतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर त्या भाकऱ्यांवर कर!

आता मी फीच्या आधी प्रवासाचं बोलतो. तिकीट आणि खोली शक्यतो तुम्हीच काढा, बाकीचा खर्च वेगळ्या बिलानं, पैसे किती दिवसांत ते कागदावर. पहिल्यांदा हे बोलताना जीभ अडखळली. आपल्याकडे जाणत्या माणसानं जेवणाखाण्याचे पैसे मागणं हलकेपणाचं मानतात ना! एका कारखान्यानं त्यानंतर बोलावलंच नाही. दुखलं. पण हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की त्या कारखान्याला मी सल्ला देत नव्हतो. बिनव्याजी कर्ज देत होतो.

परवा दुसऱ्या एका कारखान्यातून तिकीट आलं. खिडकीजवळची जागा होती. कित्येक वर्षांनी प्रवासात बाहेर बघितलं.