जेन्तिले : एका नावाचे कुलवृत्त

पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस व्हेनिसमधील याकोपो बेल्लिनी या चित्रकाराच्या घरी मुलगा जन्मला, आणि बापाने त्याचे नाव ठेवले जेन्तिले. नुकताच रोममध्ये कालवश झालेला आपला गुरू जेन्तिले दा फाब्रियानो याच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले गेले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आणि ज्या याकोपोने पुढे वेरोनाच्या प्रधान मंदिरातील भित्तिचित्राखाली आपल्या नावाशेजारी गुरूचे नाव कोरवून घेतले, त्याने मुलाच्या नावातही तेच करावे, यात मला तरी काही असंभवनीय दिसत नाही. इटालियन नावांचा मागोवा घेण्याचा छंद मला अनेक वर्षे आहे. त्या छंदात जी नावे माझ्या वहीत पानेच्या पाने अडवून बसली, त्यांत हे अग्रणी आहे. कारण ते व्यक्तिनामही आहे आणि आडनावही, ते पुरुषाने धारण केले तसे स्त्रीनेही, आणि त्याचे धारक वैद्य, चित्रकार, सरदार, तत्त्वज्ञ व खेळाडू अशा परस्परांशी काडीइतकाही संबंध नसलेल्या वर्गांतून आलेले आहेत.

नावाची व्युत्पत्ती लॅटिन ‘जेन्तिलिस’ या शब्दापाशी जाऊन थांबते. कुलीन, सौम्य, सभ्य अशा त्याच्या अर्थच्छटा आहेत. मध्ययुगात हे व्यक्तिनाम म्हणून प्रचारात होते. पुढे पित्याचे नाव वंशाला चिकटून आडनाव होण्याची जी प्रक्रिया इटलीत सर्वत्र घडली, आणि ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातल्यानंतर जिला दप्तरी स्थैर्य आले, तीतूनच जेन्तिले हे आडनाव रूढ झाले. आज ते दक्षिण इटलीत विपुल आढळते, तर व्यक्तिनाम म्हणून जवळजवळ लुप्त झाले आहे. एवढी पार्श्वभूमी पुरे.

धारकांपैकी कालदृष्ट्या आधीचा आणि माझ्या मते थोर म्हणजे जेन्तिले दा फोलिन्यो. इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथावर विस्तृत भाष्य लिहिणारा हा पंडित १३४८ च्या महामारीत पेरुज्याला होता. रोगाची लक्षणे व उपाय यांवर त्याने सल्लापत्रे लिहिली, रुग्णांना सोडून तो गेला नाही, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याच साथीने त्याचा अंत झाला. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १४९८ साली, बोलोन्यात जेन्तिले बुद्रिओली नावाच्या एका प्रतिष्ठित स्त्रीला चेटकीण ठरवून जिवंत जाळण्यात आले. वनस्पतींचे व औषधींचे ज्ञान हाच तिचा अपराध ठरला. एकच नाव, दोघांचीही विद्या रोगनिवारणाची, आणि दैव मात्र असे भिन्न.

आडनावाच्या धारकांत सर्वांत गाजलेला जोव्हान्नी जेन्तिले हा सिसिलीतील कास्तेलव्हेत्रानो येथे १८७५ साली जन्मलेला तत्त्वज्ञ. बेनेदेत्तो क्रोचे याच्यासमवेत त्याने प्रदीर्घ काळ वैचारिक सहकार्य केले. पुढे मुसोलिनीचा शिक्षणमंत्री म्हणून १९२३ साली इटलीची शिक्षणपद्धती बदलली, १९२५ साली फासिस्ट बुद्धिवंतांचा जाहीरनामा लिहिला, आणि त्याला क्रोचेनेच लेखी प्रत्युत्तर देऊन जुन्या मैत्रीवर पाणी सोडले. त्याच्या राजनिष्ठेबद्दल मला यत्किंचितही आदर वाटत नाही. परंतु १९२९ ते १९३७ या काळात पस्तीस खंडांत प्रसिद्ध झालेला इटालियन विश्वकोश त्याच्या संपादकत्वाखाली सिद्ध झाला, आणि त्या कामात राजवटीशी मतभेद असलेल्या विद्वानांनाही त्याने स्थान दिले, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. १५ एप्रिल १९४४ रोजी फ्लॉरेन्समध्ये प्रतिकार चळवळीतील तरुणांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याचाच समनामक पुत्र भौतिकशास्त्रज्ञ होता. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाने ओळखली जाणारी कणांची सांख्यिकी आणि फेर्मी-डिरॅक यांची सांख्यिकी या दोहोंच्या मधली एक सांख्यिकी त्याने १९४० साली मांडली, ती आजही जेन्तिले सांख्यिकी म्हणून ओळखली जाते. दोनच वर्षांनी तो ऐन तारुण्यात वारला. फुटबॉलच्या रसिकांना या आडनावाने क्लाउदिओ जेन्तिलेच आठवेल. लिबियातील त्रिपोली येथे जन्मलेला हा बचावपटू १९८२ च्या विश्वचषकात प्रथम माराडोनाच्या आणि नंतर झिकोच्या पाठीशी सावलीसारखा लागला. झिकोचा सदरा त्या झटापटीत फाटला, आणि इटलीने चषक जिंकला.

आता मी मूळ प्रेमाच्या विषयाकडे वळतो.

मार्के प्रांतातील फाब्रियानो हे गाव कागदाच्या कारखान्यांसाठी तेराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. तेथे जन्मलेला गुरू जेन्तिले व्हेनिस, ब्रेशा, फ्लॉरेन्स, सिएना, रोम असा आयुष्यभर फिरला, आणि ज्या कामांनी त्याला समकालीनांत कीर्ती मिळवून दिली, ती व्हेनिसच्या राजवाड्यातली, ब्रेशातली व रोमच्या लातेरान मंदिरातली भित्तिचित्रे तीनही नष्ट झाली. वाचले ते मुख्यतः फळ्यांवरचे काम. त्यांतील सर्वश्रेष्ठ म्हणजे फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातील ‘पूर्वेकडील तीन ज्ञानी राजांचे वंदन’ हे वेदीचित्र. त्या काळचा अत्यंत धनाढ्य सावकार पाल्ला स्त्रोत्सी याने ते सांता त्रिनिता मंदिरासाठी करवून घेतले आणि ते मे १४२३ मध्ये पूर्ण झाले. मी ते पाहिले तेव्हा प्रथम दृष्टीस पडले ते सोने. मुकुट, लगाम, पट्टे, कशिदा यांवर नुसता सोन्याचा मुलामा नाही. खालच्या थराला उठाव देऊन वर वर्ख चढविल्यामुळे तो भाग बोटाला लागेल असा वर आलेला आहे. मग दिसू लागली माकडे, उंट, बहिरी ससाणे, शिकारी चित्ते, आणि एका राजपुरुषाच्या टाचेची आर सोडविण्यासाठी वाकलेला सेवक. बालयेशूच्या मातेच्या व पित्याच्या मस्तकामागील प्रभावलयांत अरबी लिपीसारखी दिसणारी नक्षी आहे. ती वाचता येत नाही, कारण ती लिपी नसून लिपीचे केवळ अनुकरण आहे. पूर्वेकडून येणाऱ्या रेशमी कापडांवरील व पितळी तबकांवरील अक्षरे पाहून इटालियन कारागिरांनी ती उचलली होती. चित्राच्या पायथ्याच्या पट्टीतील एक तुकडा नेपोलियनच्या काळात पॅरिसला गेला तो परत आलाच नाही. आजही तो लूव्हर संग्रहालयात आहे, आणि फ्लॉरेन्समध्ये त्याच्या जागी प्रतिकृती बसविलेली आहे.

या गुरूचे नाव धारण करणाऱ्या शिष्यपुत्राला प्रत्यक्ष पूर्वेच्याच दरबारात जाण्याचा योग आला. व्हेनिस आणि उस्मानी तुर्क यांच्यात १४६३ पासून चाललेले युद्ध जानेवारी १४७९ मध्ये तहनाम्याने संपले. व्हेनिसने स्कुतारीचा किल्ला सोडला, नेग्रोपोंते तर १४७० सालीच हातचे गेले होते, आणि सुलतानाच्या मुलखात व्यापार करण्याच्या परवानगीसाठी वर्षाला दहा हजार दुकातांची खंडणी कबूल केली. त्याच वर्षी १ ऑगस्टला सुलतान दुसरा मेहमद याचा खलिता घेऊन एक यहुदी वकील व्हेनिसमध्ये दाखल झाला. खलित्यात राजघराण्यातील एका शुभकार्याचे निमंत्रण होते, आणि एक चांगला चित्रकार पाठवावा अशी मागणी होती. डोजने, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाने, निमंत्रण नम्रपणे नाकारले. चित्रकार मात्र तत्काळ निवडला. जेन्तिले बेल्लिनी त्या वेळी राजवाड्यातील महासभेच्या दालनातील जीर्ण चित्रांच्या दुरुस्तीवर नेमलेला होता, आणि सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने त्याला दहा वर्षांपूर्वीच सरदारकीचा बहुमान दिलेला होता. ते काम धाकटा भाऊ जोव्हान्नी याच्याकडे सोपवून सप्टेंबरच्या आरंभी सरकारी खर्चाने त्याची मदतनिसांसह रवानगी झाली. राज्याच्या पहिल्या प्रतीच्या कलावंताची ही पाठवणी म्हणजे तहाच्या शाईची पुष्टी करणारा एक नजराणाच होता, असे मला वाटते.

ज्या मेहमदाने वयाच्या एकविसाव्या वर्षी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, त्याच्या दरबारी हा व्हेनिसकर एक वर्षाहून अधिक काळ राहिला. तेथील हकिकत आपल्याला मुख्यतः जोव्हान्नी मारिआ आन्जोलेल्लो याच्याकडून कळते. विचेन्साचा हा तरुण नेग्रोपोंतेच्या पाडावात कैद होऊन सुलतानाच्या चाकरीत आला होता. तो सांगतो की सुलतानाने चित्रकाराकडून व्हेनिस नगरीचे चित्र काढवून घेतले आणि अनेक व्यक्तींची व्यक्तिचित्रे काढविली. पुढे १६४८ साली कार्लो रिदोल्फी याने लिहिलेली एक कथा अधिक लोकप्रिय झाली: बाप्तिस्मा देणारा संत योहान याच्या छिन्न मस्तकाचे चित्र पाहून सुलतान म्हणाला की तुटलेली मान इतकी लांब राहत नाही, ती आखडते, आणि पुराव्यादाखल त्याने तेथल्या तेथे एका गुलामाचे शिर उडवून दाखविले. घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली ही कथा मी खरी मानत नाही. युरोपीय वाचकाला सुलतान जसा हवा होता, तसा तो या कथेत रंगविला आहे. आणि ज्या राजाने शत्रुराज्यातून शिल्पी व चित्रकार मागविले, ज्याच्या पुस्तकसंग्रहात ग्रीक ग्रंथ होते, त्याच्या रसिकतेवर ती अन्याय करते. अर्थात तो सौम्य नव्हता. जेन्तिले त्याच्या पदरी असतानाच, १४८० च्या उन्हाळ्यात, तुर्कांच्या आरमाराने इटलीच्या भूमीवरील ओत्रान्तो घेतले आणि तेथे कत्तल झाली. स्वदेशाच्या किनाऱ्यावर ती फौज उतरलेली असताना तिच्या धन्यासमोर बसून त्याच्या नाकाची रेषा न्याहाळणाऱ्या चित्रकाराच्या मनाची अवस्था काय असेल, हा विचार त्या चित्रापुढे उभे असताना मनातून हटत नाही.

ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या मालकीचे आहे. त्यावर २५ नोव्हेंबर १४८० ही तिथी लिहिलेली आहे. संगमरवरी कमानीआड सुलतान बसला आहे. शुभ्र फेटा, केसाळ कातड्याची गळपट्टी, बाकदार नाक, टोकदार दाढी, आणि थकलेला, आत वळलेला चेहरा. कठड्यावर रत्नजडित वस्त्र पसरले आहे, आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन तीन मुकुट रंगविले आहेत. वस्त्रावरचा मुकुट सातवा, म्हणजे उस्मानी गादीवरील सातवा पुरुष मेहमद, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तिथीनंतर सहा महिन्यांच्या आत, ३ मे १४८१ रोजी, सुलतान मरण पावला. चित्रकार त्याआधीच सुवर्णसाखळी व बिरुदे घेऊन स्वदेशी रुजू झाला होता. पुढे निनेव्हेचे उत्खनन करणारा ऑस्टेन हेन्री लेयार्ड याने हे चित्र व्हेनिसमध्ये १८६५ साली विकत घेतले, आणि त्याच्या संग्रहाबरोबर १९१६ साली ते राष्ट्रीय ठेव्यात आले. मूळ रंग फार झिजले आहेत आणि बराचसा भाग नंतरच्या हातांनी पुन्हा रंगविलेला आहे. तरीही मेहमदाचा चेहरा म्हणून जगाच्या मनात जे रूप आहे ते हेच, आणि ते एका फिरंगी चित्रकाराने घडविले.

या मुक्कामाशी जोडले जाणारे एक लहानसे चित्र मला त्याहूनही प्रिय आहे. बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयातील ‘बसलेला लेखनिक’ तळहाताहून थोडे मोठे असेल. रेशमी अंगरखा घातलेला एक तरुण मांडीवरच्या फलकावर लेखणी टेकवून पुढे वाकला आहे, आणि समोरचा कागद कोरा आहे. ते जेन्तिलेचे की कोस्तान्सो दा फेरारा या दुसऱ्या इटालियनाचे, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. मी जेन्तिलेच्या बाजूचा आहे, कारण वस्त्रावरील नक्षी तिच्या घडीसह वाकविण्याची ती चिकाटी मला त्याच्या इतर कामांत दिसते. हे चित्र पुढे इराणात पोहोचले, तेथे एका चित्रसंग्रहात चिकटवले गेले, आणि एका फारसी लेखनिकाने कडेला लिहून ठेवले की हे फिरंग्यांतील एका नामांकित उस्तादाचे काम आहे. तेवढ्यावर भागले नाही. तिकडच्या एका कलावंताने त्याची नक्कल केली. ती परंपरेने बिहजादच्या नावावर आहे आणि आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. तीत लेखनिकाचा चित्रकार झाला आहे, आणि मूळच्या कोऱ्या फलकावर एक मानवाकृती आकार घेते आहे. गुरूने ज्या पूर्वेची अक्षरे अर्थ न कळता सोन्यात गिरविली, त्या पूर्वेने शिष्यपुत्राच्या चित्राला असे समजून-उमजून उत्तर दिले, हा कलेच्या इतिहासातील मोठा भाग्ययोग मी मानतो.

व्हेनिसला परतल्यावर जेन्तिले आपल्या नगराचा साक्षीदार झाला. अकादेमिया संग्रहालयातील ‘सान मार्को चौकातील मिरवणूक’ (१४९६) सात मीटरांहून अधिक रुंद आहे. पवित्र क्रुसाच्या अवशेषाची मिरवणूक चालली असताना ब्रेशाचा एक व्यापारी, मुलाची कवटी फुटल्याची बातमी मिळाल्यामुळे, गर्दीत गुडघे टेकून नवस करीत आहे; १४४४ मधील त्या प्रसंगी मुलगा बरा झाला अशी श्रद्धा होती. चमत्काराचा हा नायक इतका लहान आहे की मला तो शोधावा लागला. चित्रकाराला खरा चमत्कार दिसला तो चौकातच: विटांची फरसबंदी, खिडक्यांतून टांगलेले गालिचे, मंदिराच्या दर्शनी भागावरील कुट्टिमचित्रे. त्यांतील फक्त एकच मूळ चित्र आज जाग्यावर आहे, बाकीची कशी होती ते मुख्यतः या पटावरूनच कळते. धाकटा भाऊ जोव्हान्नी हा अधिक थोर चित्रकार, यात वाद नाही. पण थोरल्याला केवळ ‘वृत्तांत लिहिणारा’ म्हणून बाजूला सारणाऱ्या टीकाकारांशी मी मुळीच सहमत नाही. राजवाड्यातील ज्या चित्रमालिकेवर दोघा भावांनी वर्षानुवर्षे श्रम केले, ती डिसेंबर १५७७ च्या आगीत भस्मसात झाली. त्यामुळे थोरल्याचे मोजमाप आपण अर्ध्या पुराव्यावर करतो आहोत.

१५०४ साली त्याने सान मार्को बंधुसंघासाठी ‘अलेक्झांड्रियातील संत मार्कचे प्रवचन’ हे प्रचंड चित्र पत्करले. पांढऱ्या बुरख्यांतील स्त्रिया ओळीने बसल्या आहेत, मागे उंट व जिराफ आहे, आणि तांबड्या झग्यात, गळ्यात सुवर्णसाखळी घालून चित्रकार स्वतः उभा आहे. ते पुरे होण्याआधीच त्याची प्रकृती खालावली. फेब्रुवारी १५०७ मधील मृत्युपत्रात त्याने आपल्या पित्याची रेखाटनवही जोव्हान्नीला देऊ केली, पण अट घातली की हे अपुरे चित्र भावाने पूर्ण करावे. त्याच महिन्यात त्याला मृत्यू आला, आणि सान्ती जोव्हान्नी ए पाओलो मंदिराच्या आवारात त्याचे दफन झाले. जोव्हान्नीने अट पाळली. चित्र आता मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे, आणि पुढच्या रांगेतील कोणत्या व्यक्तिमुखावर थोरल्याचा हात आहे व कोणत्यावर धाकट्याचा, यावर जाणकारांचा वाद अद्याप चालू आहे.