दुःखाचा दृष्टांत करण्याची घाई

ख्रिस्ती धर्मोपदेशाची एक फार जुनी आणि वरवर पाहता फार सोपी वाटणारी रीत आहे. दिवसभरात घडलेली एखादी क्षुल्लक गोष्ट उचलावयाची, तिच्यापाशी अंमळ थांबावयाचे आणि तिच्यातून ईश्वराविषयी काही उमगते का, हे पाहावयाचे. या रीतीचे मूळ शुभवर्तमानांतच आहे. येशूच्या दृष्टांतांत राजे येतात, नाही असे नाही; पण वाचकाच्या मनात घर करून राहतात ती पिठात कालवलेले खमीर, वाटेवर व खडकाळीत सांडलेले बी, कळपातून चुकलेले मेंढरू आणि दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून दिवा लावून सारे घर झाडून काढणारी बाई. धर्मपीठावरून नव्हे तर ओसरीवरून बोलावे, तसे हे बोलणे आहे.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. जात्यावर दळताना ज्यांनी ओवी रचली आणि मळ्यातल्या भाजीत ज्यांनी विठ्ठल पाहिला, त्यांच्या भाषेला स्वयंपाकघरातून देवघरात जाण्याची वाट ठाऊक होती. गोव्यात येऊन स्थायिक झालेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले, ते दहा हजारांहून अधिक ओव्यांत. परक्या देशातील कथा या मातीतल्या माणसाला सांगावयाची तर ती त्याच्याच छंदात सांगावी लागते, हे त्याने ओळखले होते.

परंतु सोप्या रीतीला सोपे धोकेही असतात. शाळेतील फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो आणि आठवड्याभरात त्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. प्रत्येक प्रसंगातून बोध काढण्याची सवय जडली की प्रसंग बाजूला राहतो आणि हाती उरतो तो बोध, तोही आधीपासून ठाऊक असलेला. हा धोका तसा निरुपद्रवी म्हणावयाचा. खरा धोका पुढे आहे. खमीर आणि हरवलेले नाणे यांवरून हीच दृष्टी माणसाच्या आजारपणाकडे, अपत्यशोकाकडे, नोकरी गेलेल्या कारकुनाच्या घराकडे वळते आणि तेथेही तितक्याच सहजतेने म्हणते, की देवाने हे तुम्हाला काही शिकविण्यासाठीच दिले आहे.

या घाईविरुद्ध सर्वांत कठोर साक्ष पवित्र शास्त्रातच नोंदलेली आहे, हे बोध देणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ईयोबाचे सर्वस्व गेले, मुले गेली, अंगभर गळवे आली, तेव्हा त्याचे तीन मित्र भेटीस आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहिले. त्यांच्या हातून घडलेले उत्तम कृत्य ते एवढेच. तोंड उघडल्यावर त्यांनी जे सांगितले ते ऐकावयास भाविकपणाचे होते : दुःख अकारण येत नाही, तुझेच काही चुकले असले पाहिजे. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर त्याला धर्म शिकविणाऱ्या या मित्रांवर. येशूचीही भूमिका याहून निराळी नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने बजावले. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हे कोणाचे पाप, असा प्रश्न केला, तेव्हा पापाचा तो हिशेबच त्याने नाकारला. आणि लाजाराच्या मरणाने व्याकूळ झालेली मरिया पायांशी येऊन पडली, तेव्हा त्याने तिला प्रवचन दिले नाही, तो रडला.

मग संकटातून काही शिकावयाचेच नाही काय? पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी लिहिले आहे. तो काटा काढून टाकावा अशी विनंती त्याने तीनदा केली, ती मान्य झाली नाही, आणि अखेर त्या दुर्बलतेतच त्याला काही अर्थ सापडला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच, की काटा पौलाचा होता आणि अर्थ लावणाराही पौलच होता. दुसऱ्याच्या पायातील काट्यावर त्याने हे भाष्य केले असते, तर त्याची गणना ईयोबाच्या मित्रांत झाली असती.

मराठीत या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या जीवनाची ही कथा येथवर उन्नत वाटते. पण त्याच घटनेची दुसरी बाजू अशी, की एका सोवळ्या ब्राह्मण घरातील पंचविशी ओलांडलेली स्त्री लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहू लागली. तिचा पती जिवंत असूनही तिला परका झाला होता. ही ताटातूट काही वर्षे टिकली. टिळकांच्या धर्मजिज्ञासेची किंमत प्रथम लक्ष्मीबाईंनी मोजली. एखाद्या उपदेशकाने तेव्हा त्यांच्यापुढे जाऊन या ताटातुटीचा आध्यात्मिक अर्थ विशद केला असता, तर त्यांनी त्याची जी संभावना केली असती ती सुनावण्याजोगी झाली असती, हे त्यांची लेखणी ओळखणाऱ्यांस सांगावयास नको.

पुढे त्या पतीकडे परतल्या, पण पतीच्या धर्मात नव्हे. ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्यांनी स्वयंपाकपाण्याचे आपले सोवळे सांभाळले. बदल घडला तो वादविवादाने नव्हे. आधी त्यांच्या मनाने घेतले ते इतकेच, की माणसामाणसांतील उच्चनीच भाव ईश्वराने निर्मिलेला नसून माणसाने रचलेला आहे. त्यावेळी बाप्तिस्म्याचा प्रश्न पुढे नव्हताच. तो १९०० साली, पुष्कळ विचारांती आला. पिढ्यान्‌पिढ्यांचा विटाळ ज्या ठिकाणी पाळला जातो, त्या चुलीपाशी आणि घागरीपाशीच तो मोडला. धर्मशास्त्राच्या जाणकारांना ही वाट गौण वाटेल. वस्तुतः हीच अधिक अवघड असावी.

शिवाय लक्ष्मीबाई आपल्या हालांचे सोने करून दाखवीत नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, हातचे देऊन टाकण्याचे त्यांचे औदार्य आणि त्यापायी घरात पडणारी चणचण हे सारे त्या हसत हसत सांगतात. ते हसू दुःख झाकण्यासाठी नाही आणि सजविण्यासाठीही नाही. त्यांच्या श्रद्धेची प्रचीती वाचकास येते ती त्यांनी घरात घेतलेल्या पोरक्या मुलांवरून.

याच काळात नगर जिल्ह्यात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आगेमागे, महार व मांग समाजांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या वाट्याला आलेली उपासमार आणि अस्पृश्यता हा कोणी त्यांना दिलेला पाठ होता, असे म्हणणे धार्ष्ट्याचे ठरेल. पूर्वजन्मीचे भोग म्हणून गप्प बसविणे आणि प्रभूची परीक्षा म्हणून गप्प बसविणे यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. त्या कुटुंबांना धर्म कळला असेल तर तो दुष्काळी कामावरील मजुरीत, मुलांच्या शाळेत आणि कोणीतरी शेजारी बसून जेवले यात. दृष्टांत तेथेही होता. पण तो सांगितलेला नव्हे, केलेला होता.

टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहावयास घेतले आणि पुरे केले. ज्या धर्मामुळे कधीकाळी संसार मोडला होता, त्याच धर्माची कथा त्या स्वतःच्या ओव्यांत, स्वतःच्या बोलीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः पटल्यावरून सांगत होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग त्यानंतर छापून आला.