हवामानाची चौकट थांबल्यास काय करावे?

आश्विनात हळवे भात कापणीस येते. त्याच सुमारास परतीचा पाऊस दुपारनंतर अवचित कोसळतो. कापून खाचरात वाळत टाकलेले भात भिजले की दाण्यास मोड येतात व पेंढा काळा पडतो. म्हणून अंबाडीसारख्या भातपट्ट्यात कापणीचा दिवस ठरविण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहणे अगत्याचे आहे. संगणकाच्या पडद्यावरील हवामानाची चौकट, म्हणजेच विजेट, या कामी सोयीची असते. परंतु तीत नवी माहिती येणे थांबले तरी जुना आकडा व उन्हाचे चित्र तसेच राहते. यास्तव प्रथम माहितीची तारीख व वेळ पाहावी, मग हवामान. माहिती कालची किंवा त्याआधीची असेल तर पुढील तपासणी क्रमाने करावी.

१. इंटरनेट : दुसरे एखादे पान उघडून पाहावे. ते उघडत नसेल तर दोष चौकटीचा नव्हे, जोडणीचा आहे.

२. घड्याळ : संगणकातील लहान गोल बॅटरी संपली म्हणजे वीज गेल्यानंतर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की माहिती पाठविणाऱ्या यंत्रणेचे प्रमाणपत्र संगणक अग्राह्य ठरवितो व माहिती येत नाही. तारीख दुरुस्त करावी. ती पुनःपुन्हा चुकत असल्यास बॅटरी बदलावी.

३. ठिकाण : चौकट पुष्कळदा आपोआप मुंबई किंवा ठाणे धरते. तीत अंबाडी किंवा भिवंडी स्वतः निवडावे.

४. बचतीची सोय : मोबाइलवर बॅटरी किंवा डेटा वाचविण्याची सोय चालू असल्यास माहिती आणण्याचे काम थांबते. हवामानाच्या ॲपपुरती ती सोय बंद करावी.

५. मूळ स्रोत : वरील सर्व ठीक असूनही माहिती येत नसेल तर ती पुरविणारी सेवाच बंद झाली असण्याचा संभव आहे. ‘डार्क स्काय’ ही सेवा ॲपल कंपनीने २०२० मध्ये घेतली. इतर ॲपना तीतून मिळणारी माहिती ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाली. अशा वेळी दुरुस्ती व्यर्थ होय. दुसरी चौकट घ्यावी.

दुरुस्ती होईपर्यंत जुन्या आकड्यावर विसंबू नये. भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप पाहावे. शेतीचा सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. तेथे ठाणे जिल्हा निवडावा. शेजारचा वाडा तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जिल्ह्यास पिवळा इशारा असल्यास लक्ष ठेवावे, नारिंगी असल्यास तयारीत राहावे व लाल असल्यास कापणी पुढे ढकलावी.

ताजा अंदाज कोठूनही न मिळाल्यास, त्याच दिवशी बांधून खळ्यावर नेता येईल व झाकता येईल एवढेच भात कापावे.