सशाचे पोट बिघडल्यास काय करावे?

गाय किंवा म्हैस एका वेळेला वैरणीला शिवली नाही, तर आपण लगेच तिच्या अंगाला हात लावून पाहतो, रवंथ चालू आहे का ते बघतो. मुलांच्या हौसेखातर घरी आणलेल्या सशाच्या बाबतीत मात्र 'उद्या खाईल' असे म्हणून सोडून देतो. नेमकी येथेच चूक होते. सशाने १२ तासांत काही खाल्ले नाही आणि लेंडीही टाकली नाही, तर ती तातडीची बाब समजावी. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबल्यास ससा दगावू शकतो.

सशाची पचनक्रिया

गाई-म्हशींमध्ये चारा आंबवण्याचे काम सुरुवातीलाच कोटीपोटात होते. सशामध्ये ते घोड्याप्रमाणे मागच्या भागात, सिकम नावाच्या मोठ्या पिशवीत होते. तेथील उपयुक्त जिवाणूंवर सशाचे आरोग्य अवलंबून असते. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरडी, गोल लेंडी. दुसरी मऊ, चकचकीत व लहान घोसासारखी. ही मऊ विष्ठा तो स्वतःच खातो व त्यातून त्याला प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे मिळतात. हा आजार नव्हे. सशाला उलटी करता येत नाही. म्हणून पोटात गेलेले पुढे सरकत राहणे आवश्यक असते.

पोट बिघडण्याची कारणे

१) वाळलेले गवत कमी आणि धान्य, पेंड, पोळी, बिस्किटे, गोड फळे जास्त देणे.
२) चाऱ्यात एकाएकी बदल करणे.
३) दवाने भिजलेला, ढीग लावून गरम झालेला किंवा बुरशी आलेला चारा देणे.
४) पाणी कमी पडणे, उन्हाचा ताप, कुत्र्या-मांजराची भीती.
५) दाढा वाकड्या वाढणे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. चावण्यास चिवट चारा नसल्यास ते नीट झिजत नाहीत व खाणे बंद होते.
६) कॉक्सिडिया हे परोपजीवी. आईपासून तोडलेल्या पिल्लांत यामुळे हगवण लागून मरतूक होते.

लक्षणे

लेंड्या लहान, कमी किंवा एकमेकींना केसांनी जोडलेल्या दिसतात. ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो, दात करकर वाजवतो. पोट ताणलेले लागते. पातळ हगवण असल्यास मागचा भाग माखतो. कान व पाय गार पडणे हे गंभीर लक्षण आहे.

तातडीने काय करावे?

सशाला शांत, सावलीच्या जागी ठेवावे. अंग गार लागल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. ताजे पाणी व वाळलेले गवत समोर असू द्यावे. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. नेताना कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. त्या दिवशीच्या लेंड्या कागदात बांधून सोबत न्याव्यात, म्हणजे कॉक्सिडियाची तपासणी करता येईल. पोट फुगलेले किंवा आतडे अडलेले नाही, अशी खात्री करून डॉक्टरांनी सांगितले, तरच भिजवलेला खुराक पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडा थोडा भरवावा.

काय करू नये?

जनावराच्या पोटफुगीवर आपण तेल पाजतो. सशाला तेल किंवा टर्पेन्टाइन पाजू नये. ते फुप्फुसात जाऊन ससा दगावण्याचा धोका असतो. गोठ्यात किंवा घरात उरलेले औषध तर मुळीच देऊ नये. ॲम्पिसिलीन, ॲमॉक्सिसिलीन, लिंकोमायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सिकममधील उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू वाढतात आणि जीवघेणी हगवण लागते. गाई-वासराला गुण देणारे औषध सशाला विष ठरते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

प्रतिबंध

वाळलेले गवत दिवस-रात्र पिंजऱ्यात असावे. आहाराचा मोठा भाग तेच असावे. हिरवा चारा सुकवून, थोडा थोडा द्यावा. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला मात्र बेताने द्यावा. नवा चारा ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवावा. २ किलो वजनाच्या सशाला रोज सुमारे २०० मि.लि. पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पिंजऱ्याचा तळ कोरडा ठेवावा व लेंड्या रोज काढाव्यात.

सकाळी पिंजरा झाडण्यापूर्वी लेंड्या किती व कशा आहेत, हे आधी पाहावे. हे काम मुलांकडे सोपवले तरी चालेल. लेंड्या कमी दिसल्या की त्याच दिवशी सांगायचे, एवढे त्यांना शिकवावे.