बोटीचा नियम आणि भट्टीचा नियम

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात लागोपाठच्या दोन दिवशी दोन गोष्टी घडल्या. १९ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेचे सुधारलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम अमलात आले आणि २० तारखेस पंतप्रधानांच्या हस्ते मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. दुसऱ्या घटनेचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मुंबईसारख्या बंदराला शोभेल असे प्रवासी धक्क्याचे ठिकाण मिळावे, ही जुनी अपेक्षा होती. परंतु ज्या धक्क्यावर एका जहाजातून दोन-तीन हजार माणसे एकदम उतरावयाची, त्या धक्क्यावर उद्या साथीचा रोगही उतरू शकतो, ही गोष्ट कौतुकाच्या भरात विसरून चालणार नाही. सरकारच्या ‘क्रूझ भारत मिशन’चे उद्दिष्ट २०२९ पर्यंत या प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे आहे. मग त्यांच्या चाचणीचे व लसीचे नियम कोणते, हा प्रश्न आजच, शांततेच्या काळात, विचारला पाहिजे असे आम्हांस वाटते.

समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या या बाजूस, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाला बोटीवरच्या हौशी प्रवाशाशी काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते फार जवळचे आहे. साथीचा नियम बोटीवर ज्या चुका करतो, त्याच चुका तो कारखान्याच्या फाटकाशी आणि राज्याच्या सीमेवर करतो. फरक इतकाच, की बोटीवरची चूक जगाला दिसते आणि भट्टीजवळची चूक कोणालाही दिसत नाही.

प्रथम बोटीवरची चूक पाहू. २०२२ सालच्या नववर्षाच्या सुमारास ‘कॉर्डेलिया’ हे पर्यटकांचे जहाज सुमारे दोन हजार माणसांना घेऊन मुंबईहून गोव्याकडे निघाले. लस घेतल्याचा आणि चाचणीत रोग न आढळल्याचा दाखला हाती असल्यावाचून प्रवासाची मुभा नव्हती. तरीही जहाजावरील एक कर्मचारी बाधित असल्याचे आढळले. मुरगाव बंदरात प्रवाशांना उतरू देण्यात आले नाही. सर्वांची चाचणी झाली, तेव्हा ६६ जण बाधित निघाले. त्यांतील बहुतेकांसह जहाज पुन्हा मुंबईस परतले आणि तेथील चाचणीत आणखी शंभरावर माणसे बाधित आढळली.

या प्रसंगावरून लस आणि चाचणी निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काही मंडळींनी काढला. आम्हांस तो मुळीच मान्य नाही. लसीने कोट्यवधी माणसांना गंभीर आजारापासून वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु लस घेतलेला माणूस ओमायक्रॉनचा वाहक होऊ शकत होता, आणि चाचणीचा नकारार्थी दाखला नमुना घेतला त्या घटकेपुरते बोलतो, पुढच्या तीन दिवसांची हमी तो देत नाही. दाखला हा एक चाळण आहे, तटबंदी नव्हे. चाळणीतून काही खडे खाली जाणारच, हे गृहीत धरून पुढची व्यवस्था करावयाची असते. ‘कॉर्डेलिया’च्या बाबतीत दाखल्याची अट होती. परंतु दाखला फसल्यावर आजारी माणसाला कोणत्या बंदराने उतरवून घ्यावयाचे, त्याला कोठे ठेवावयाचे आणि निरोगी सहप्रवाशांपासून वेगळे कसे करावयाचे, याचा निर्णय जहाज समुद्रात उभे असताना चालू होता. नियमाचा अर्धा भाग धक्क्यावर लिहिला होता, उरलेला अर्धा लाटांवर लिहावा लागला.

दोन वर्षांपूर्वी जपानच्या योकोहामा बंदरात याहून भीषण धडा मिळाला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर ३,७११ माणसे अडकून पडली आणि त्यांतील ७१२ जणांना रोगाची बाधा झाली. प्रवाशांना आपापल्या खोलीत बसून राहण्याचा आदेश मिळाला. पण त्या खोल्यांपर्यंत जेवणाची ताटे कोण पोहोचवीत होते? हजारावर कर्मचारी कामावरच होते. ते दोघे-तिघे मिळून एका खोलीत झोपत आणि एकत्र बसून जेवत. त्यांच्यात १३२ भारतीय होते, आणि त्यांतील काहींनी मदतीची याचना करणाऱ्या चित्रफिती मायदेशी पाठविल्या होत्या. पुढे २७ फेब्रुवारीस विमानाने ११९ भारतीयांना परत आणण्यात आले. विलगीकरणाचा नियम प्रवाशासाठी होता, त्याची सेवा करणाऱ्यासाठी तो नव्हता. आणि रोगाला तर प्रवासी कोण नि वाढपी कोण, हे कळत नाही.

आता शिरोलीकडे वळू. साचा भरणारा, तापलेला रस ओतणारा कामगार घरी बसून काम करू शकत नाही. बोटीवरच्या कर्मचाऱ्याप्रमाणेच त्यालाही माणसांच्या घोळक्यात उभे राहूनच पोट भरावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने साथीची साखळी तोडण्यासाठी आदेश काढले, त्यांत पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनी विलगीकरणाची आपली स्वतःची सोय करावी असे म्हटले होते. हेतू स्तुत्य होता. परंतु शिरोलीतील बहुसंख्य कारखाने लहान आहेत. त्यांतल्या कामगाराला वेगळी खोली कोठून मिळावयाची? एका भाड्याच्या खोलीत पाच-सहा परप्रांतीय मजूर राहतात, ती खोली आणि जहाजाच्या तळमजल्यावरची कर्मचाऱ्यांची खोली यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही.

त्याच आदेशांत सार्वजनिक वाहतूक, घरपोच सेवा इत्यादी कामांवरील माणसांनी लस घ्यावी आणि ती घेईपर्यंत पंधरा दिवस चालणारा नकारार्थी दाखला बाळगावा, अशी अट होती. त्या महिन्यात लस मात्र ४५ वर्षांवरील माणसालाच मिळत होती. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी ती १ मेपासून खुली झाली. म्हणजे पंचवीस वर्षांच्या तरुणाकडे सरकार अशी वस्तू मागत होते, जी सरकारनेच त्याला अद्याप नाकारली होती! उरला तो चाचणीचा मार्ग, आणि दर पंधरवड्याला तो हेलपाटा त्याने मजुरीचा वेळ मोडून घालावयाचा.

शिरोलीच्या दारावरून जाणारा महामार्ग पुढे कोगनोळीस कर्नाटकाच्या हद्दीत शिरतो. तेथे २०२१ साली जून महिन्याच्या अखेरीस लसीच्या एका मात्रेचा दाखला पुरत होता, जुलैच्या अखेरीस लस घेतलेल्यालाही बहात्तर तासांच्या आतील चाचणीचा दाखला सक्तीचा झाला. गोव्याच्या सीमेवरही त्या वर्षीच्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने बहात्तर तासांचीच अट आली होती. एक रोग, एक चाचणी, एकच कागद! तो घरपोच सेवेला पंधरा दिवस खरा आणि निपाणीस बहिणीला भेटावयास निघालेल्या भावाला तीन दिवस खरा. प्रत्येक नियमामागे काही कारण असेलही, पण ते कारण सामान्य माणसाला कोणी समजावून सांगितले नाही. कारण न कळलेला नियम लोक भीतीने पाळतात, आणि भीती ओसरली की पळवाटा शोधतात.

आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत होतो. परीक्षेचे नियम ऐन परीक्षेच्या दिवशी फळ्यावर लिहिणारा आणि दुसऱ्या तासाला ते पुसून नवे लिहिणारा शिक्षक कितीही सद्हेतूचा असला, तरी त्याच्या वर्गात शिस्त राहत नाही. राज्यकर्त्यांनाही हाच न्याय लागू आहे.

अधिकाऱ्यांवर सरसकट दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. रोग नवा होता, माहिती रोज बदलत होती आणि इस्पितळांत खाटा नव्हत्या. अशा वेळी चुकून थोडे अधिक कठोर होणे क्षम्य मानले पाहिजे. परंतु साथ आणि बंदर यांचे नाते काही नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला, तो गोदीला लागून असलेल्या मांडवी भागात. पुढल्याच वर्षी अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा झाला. त्याच्या बळावर पुण्यात घराघरांतून झालेल्या झडत्या आणि त्यांतून घडलेला रँडचा वध महाराष्ट्र विसरलेला नाही. रोग आवरण्याचा हेतू रास्त असूनही रीत माणुसकीची नसेल तर काय होते, याचा तो दाखला आहे. तोच कायदा आजही आधाराला आहे. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली आणि बोट, विमान, आगगाडी, बस व मालवाहू गाडी यांची तपासणी एकाच कलमात आली. कायद्याने बोटीला आणि ट्रकला एका ओळीत बसविले, पण त्यांतून जाणाऱ्या माणसांना तो एका मापाने मोजील, याची तरतूद अद्याप झालेली नाही.

चांगला नियम कसा असतो, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पीतज्वराचे पाहा. हा रोग असलेल्या देशातून येणाऱ्या प्रवाशाजवळ लसीचा दाखला हवा. तो लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो. दाखला नसेल तर आपल्या देशात सहा दिवस वेगळे राहावे लागते. नियम कडक आहे, पण तो प्रवासापूर्वीच ठाऊक असतो, सर्व बंदरांत सारखा असतो आणि रात्रीतून बदलत नाही. देवीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. एके काळी देवीच्या लसीच्या दाखल्याविना परदेशगमन अशक्य होते. १९८० साली देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आणि तो दाखला इतिहासजमा झाला. नियमाला जन्म असावा तसा अंतही असावा, हे त्यातून शिकावयाचे. याउलट कोरोनाकाळात परदेशी जहाजांवर नोकरीस जाणाऱ्या आपल्या तरुणांची काय ओढाताण झाली! ‘कोव्हॅक्सिन’ला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली. तोपर्यंत सरकारी केंद्रात रीतसर टोचून घेतलेली लस अनेक देशांच्या बंदरांत टोचलीच नाही असे धरले जात होते.

सक्तीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी समतोल निर्णय दिला आहे. कोणाच्याही शरीरावर लसीची जबरदस्ती करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, आणि ते धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत. बोटीची सहल ऐच्छिक आहे, तेथे अट कडक असली तरी प्रवाशाला घरी राहण्याचे स्वातंत्र्य असते. कामगाराला ते स्वातंत्र्य नसते. म्हणून ज्याला निवड नाही त्याच्यावर अट घालताना सरकारची जबाबदारी अधिक वाढते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. साथीच्या प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण व त्याची मुदत छापावी. चाचणीच्या दाखल्याची ग्राह्यता सर्व राज्यांत एकच असावी. जी लस वा चाचणी मागावयाची, ती आधी मागितल्या ठिकाणी उपलब्ध करावी, आणि कामासाठी मागितली असेल तर तिचा खर्च व बुडालेली मजुरी कामगाराच्या माथी मारू नये. पर्यटकांचे जहाज धक्का सोडण्यापूर्वीच आजारी माणसाला कोणते बंदर उतरवून घेईल हे लेखी ठरलेले असावे, आणि विलगीकरणाच्या खोल्या प्रवाशांइतक्याच कर्मचाऱ्यांसाठीही राखलेल्या असाव्यात. शिरोलीसारख्या वसाहतीत लहान कारखान्यांनी मिळून एक सामायिक विलगीकरण केंद्र उभारण्याची योजना उद्योजकांच्या संघटनांनी आणि औद्योगिक विकास महामंडळाने आजच आखून ठेवावी. पाचशे कामगारांचा आकडा एका छपराखाली भरत नसेल, पण एका वसाहतीत तो कितीतरी पटींनी भरतो.

यांतील एकही गोष्ट साथ आल्यावर करता येत नाही. तेव्हा हाती वेळ नसतो आणि मनात भीती असते. आज मुंबईच्या धक्क्यावर बोटी निर्धास्त येत आहेत आणि शिरोलीच्या भट्ट्या पेटलेल्या आहेत. नियम लिहावयाची हीच वेळ आहे. पुढच्या साथीत बोटीवरचा पाहुणा आणि भट्टीपुढचा कामगार यांना एकच न्याय मिळावयाचा असेल, तर तो आजच्या स्वस्थतेतच ठरवून ठेवावा लागेल.