इंग्रजी वाक्यात जागेला मान

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध असे आपल्याकडे म्हणतात. दूध पौष्टिक खरे. पण वाघिणीचे म्हटल्यावर जवळ जायचीच भीती वाटते! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी इंग्रजीतले काही विचारावे असे कोणी नाही. माझ्यासारखे आपल्या वर्गात पुष्कळजण आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे येथे येईपर्यंत आपली बारा वर्षे इंग्रजीत गेलेली असतात. तरीही इतिहासात, अर्थशास्त्रात चांगले गुण मिळवणारी मुले आवश्यक इंग्रजीच्या पेपरला अडतात आणि ‘आपले डोके शिक्षणाचे नाही’ अशी समजूत करून घेऊन घरी बसतात. डोके चांगले असते. मराठी वाक्य ते कधी चुकत नाही. म्हणून मराठीचाच आधार घेऊन इंग्रजी वाक्याची घडण समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम शब्दांच्या जाती पाहू. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ जाती आपल्याला पाठ आहेत. इंग्रजीतल्या नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन या त्याच होत. हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. तेव्हा ज्याला मराठीतल्या आठ जाती येतात, त्याला इंग्रजीतल्या परक्या नाहीत. फरक एवढाच, की आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि इंग्रजीतले पुढे. आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो, इंग्रज ‘अंडर द टेबल’ म्हणतो.

खरी अडचण शब्दांच्या क्रमाची आहे. ‘बैलाने शेतकऱ्याला ढकलले’ हे वाक्य ‘शेतकऱ्याला बैलाने ढकलले’ असे फिरवले तरी ढकलणारा बैलच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दांना चिकटून आहेत. इंग्रजीत ‘द बुल पुश्ड द फार्मर’ हे वाक्य उलटे करून ‘द फार्मर पुश्ड द बुल’ म्हटले, की शेतकरीच बैलाला ढकलू लागतो! कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म, हा इंग्रजीचा क्रम. मराठीत प्रत्यय जे काम करतो, ते इंग्रजीत जागा करते.

पूर्वी असे नव्हते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. ते हळूहळू झिजत गेले आणि जागेचे महत्त्व वाढले. त्या प्रत्ययांची खूण आज ‘ही’ व ‘हिम’, ‘दे’ व ‘देम’ अशा सर्वनामांच्या जोड्यांत दिसते.

जागेचे हे राज्य इतके पक्के आहे, की शब्दाची जातसुद्धा तीच ठरवते. ‘ही हर्ट हिज बॅक’ यात ‘बॅक’ म्हणजे पाठ, म्हणून नाम. ‘द बॅक डोअर’ यात विशेषण, ‘कम बॅक’ यात क्रियाविशेषण, तर ‘आय बॅक यू’ म्हणजे मी तुझ्या पाठीशी आहे, येथे क्रियापद! म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ उतरवून घेऊन भागत नाही. शब्द वाक्यात कोठे बसला आहे ते पाहावे लागते.

दुसरी गोष्ट कर्त्याची. आपण नुसते ‘जातो’ म्हटले तरी चालते, कारण क्रियापदाच्या रूपावरून बोलणारा कळतो. इंग्रजी ‘गो’वरून काही कळत नाही, म्हणून साध्या विधानात कर्ता सांगावाच लागतो. ‘पाऊस पडतो आहे’ याला ‘इट इज रेनिंग’ म्हणताना तो ‘इट’ कोण, हे विचारू नये. कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची नाही म्हणून त्याला बसवलेले असते!

तिसरी गोष्ट ‘हॅव’ची. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला ताप आहे’, या तीन तऱ्हांच्या वाक्यांना इंग्रजीत एकच साचा आहे: ‘आय हॅव’. मराठीतला ‘मला’ तेथे कर्ता होऊन बसतो. ‘ला’ दिसला म्हणून ‘टू मी’ लिहिले, की वाक्य बिघडते.

शेवटी ‘एस’ या अक्षराबद्दल. नामाला लागला की तो बहुधा अनेकवचन दाखवतो. वर्तमानकाळी क्रियापदाला लागला की कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असतो. ‘द बॉय प्लेज’, पण ‘द बॉइज प्ले’. साध्या वाक्यात बहुधा तो दोघांपैकी एकाकडेच असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते.

मित्रमैत्रिणींनो, लांब वाक्य आले की घाबरू नये. आधी क्रियापद शोधावे, मग ‘कोण?’ विचारून त्याच्या डावीकडे कर्ता आणि ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारून उजवीकडे कर्म पाहावे. उरलेले शब्द या तिघांपैकी कोणाला तरी जोडलेले असतात. रोज पाठ्यपुस्तकातली पाच वाक्ये अशी सोडवावीत. एकट्याने कंटाळा येत असेल तर तिघा-चौघांनी मिळून ग्रंथालयाच्या ओट्यावर बसावे. ज्यांना घरी विचारायला कोणी नाही, त्यांनी एकमेकांना विचारावे.